कात्रीने कापलेली स्ट्रिप

मेडिकलच्या काउंटरवर एक कात्री असते. कधी दोरीने बांधलेली, कधी पेनांच्या डब्यात खोचलेली. पूर्ण स्ट्रिप नको, दोनच गोळ्या द्या, असं गिऱ्हाईक म्हणालं की ती चालते. ज्याच्या खिशात दहा गोळ्यांचे पैसे नाहीत, त्याच्यासाठी ही सोयच. पण कात्री चालताना गोळीपासून काय काय तुटतं, ते एकदा बघण्यासारखं आहे. औषधाचं नाव मध्येच कापलं जातं. मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर राहते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, हा छापील इशाराही बहुधा दुकानातच राहतो. गिऱ्हाइकाच्या हातात येतो चकचकीत फॉइलचा एक तुकडा आणि त्यात दोन पांढऱ्या गोळ्या. पुढच्या खेपेला तो हाच रिकामा तुकडा काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "ह्याच द्या." चिठ्ठीचं काम आता फॉइल करू लागलेलं असतं.

औषधाच्या व्यसनाला अंधारा बोळ लागत नाही. ट्यूबलाइटचा लख्ख उजेड, भिंतीवर गणपतीची तसबीर, ओळखीचा मेडिकलवाला आणि "आता कसं वाटतंय?" अशी विचारपूस, इतक्या घरगुती वातावरणात ते सुरू होऊ शकतं. ते लवकर ओळखू येत नाही, याचं एक कारण हे.

दुसरं कारण भाषेत आहे. व्यसनी माणसाला नावं ठेवायला मराठीत शब्दांची वाण कधी पडली नाही. दारुडा आहे, बेवडा आहे, गांजेकस आहे, अफूबाज आहे. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवर ब्राउन शुगर उतरली तेव्हा तिला 'गर्द' हे नाव मिळालं आणि त्याच्या पाठोपाठ 'गर्दुल्ला' हा नवा शब्द भाषेने घडवलाही. पण वर्षानुवर्षं झोपेच्या गोळीशिवाय अंथरुणाला पाठ न टेकणाऱ्या बाईला, किंवा कंबरेचं ऑपरेशन होऊन पाच वर्षं झाली तरी दुखण्याच्या गोळ्या चार-चार खाणाऱ्या काकांना काय म्हणायचं? मराठीत त्यांच्यासाठी शब्द नाही. एक वाक्य तेवढं आहे: "त्यांचं औषध चालू आहे." हे वाक्य उच्चारलं की पुढे कुणी काही विचारत नाही. औषध चालू असणं ही आपल्याकडे काळजीची गोष्ट असते, लाजेची नाही. त्या आडोशाला व्यसन निवांत वाढतं.

किती वाढलं आहे, याचा बऱ्यापैकी भरवशाचा अंदाज २०१९ साली मिळाला. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'मधल्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने देशभर पाहणी केली होती. अफूच्या कुळातले पदार्थ वापरणारे सुमारे २ कोटी २६ लाख लोक तीत आढळले. लोकसंख्येतलं प्रमाण बघितलं तर हेरॉइन १.१४ टक्के, आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधं, वेदनाशामक गोळ्या, इंजेक्शनं असा औषधी माल ०.९६ टक्के. जुन्या पिढीच्या गोष्टींतली खुद्द अफू राहिली होती अवघी ०.५२ टक्के. म्हणजे पोलिसांच्या पत्रकार परिषदेत टेबलावर मांडली जाते ती पूड आणि दुकानाच्या फळीवर बसलेली बाटली यांच्यात फार अंतर उरलेलं नव्हतं. याशिवाय उपचाराची गरज नसताना झोपेची, गुंगीची औषधं घेणारे सुमारे १ कोटी १८ लाख लोक होते. हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. घरी येऊन विचारणाऱ्या अनोळखी माणसाला "मी गांजा ओढतो" हे सांगणं अवघड असतं. "मी गोळ्यांच्या आहारी गेलोय" हे सांगणं त्याहून अवघड, कारण बऱ्याच जणांना ते स्वतःलाच ठाऊक नसतं.

औषध आणि अमली पदार्थ ही दोन वेगळी खाती आहेत, अशी आपली समजूत असते. इतिहास तिला फारसा आधार देत नाही. हेरॉइन हे नाव कुठल्या गुंडाने ठेवलेलं नाही. जर्मनीतल्या बायर कंपनीचं ते व्यापारी नाव होतं. १८९८ साली कंपनीने हे औषध बाजारात आणलं ते खोकल्यावरचा उपाय म्हणून. क्षयाने आणि न्यूमोनियाने माणसं खोकून खोकून हैराण होत होती त्या काळात खोकला थांबवणारं औषध ही लहान गोष्ट नव्हती. १९१३ पर्यंत कंपनीने ते बनवणं थांबवलं, तोवर त्याची चटक काय असते ते अमेरिकेतल्या शहरांना कळून चुकलं होतं. मॉर्फिन, कोकेन, ॲम्फेटामिन, बार्बिट्युरेट, सगळ्यांचा जन्म प्रयोगशाळेतला आणि बारसं दवाखान्यातलं. बदनामी मागाहून आली.

या कहाणीचा सगळ्यात बारकाईने नोंदला गेलेला अध्याय मात्र अलीकडचा आहे आणि तो अवघ्या पाच वाक्यांपासून सुरू होतो.

जानेवारी १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये बॉस्टनच्या जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं एक छोटं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असलेल्या ११,८८२ रुग्णांना अफूवर्गीय औषध दिलं गेलं होतं. ज्यांना आधी कसलं व्यसन नव्हतं अशांपैकी चौघांनाच ते जडल्याची नोंद सापडली, एवढाच त्याचा आशय. हे सगळे रुग्ण खाटेवर होते आणि नर्सच्या हातून मोजून डोस घेत होते. महिन्याभराची बाटली घरी नेलेल्या पाठदुखीच्या माणसाबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं. तरी पुढे ते पत्र 'या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून हातोहात फिरलं. २०१७ साली त्याच नियतकालिकात त्याचा हिशेब मांडला गेला. पत्राचा उल्लेख ६०८ वेळा झाला होता; त्यांपैकी ४३९ ठिकाणी तो व्यसन दुर्मिळ असल्याचा दाखला म्हणून होता; आणि हे रुग्ण दाखल झालेले होते, एवढी साधी गोष्ट सांगण्याची तसदीही बहुतेकांनी घेतली नव्हती. वॉट्सॲपवरच्या फॉरवर्डला हसणाऱ्या सुशिक्षितांनी हा दाखला लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाच वाक्यं न वाचता पुढे ढकलणारे इथे डॉक्टर आणि प्राध्यापक होते.

अशा तयार झालेल्या जमिनीत पर्ड्यू फार्मा या कंपनीने बी टाकलं. ऑक्सिकॉन्टिन या तिच्या गोळीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर १९९५ मध्ये मान्यता दिली. गोळीत ऑक्सिकोडोन होतं आणि ते बारा तास हळूहळू सुटणार होतं. औषध सावकाश शोषलं जात असल्याने गैरवापराची शक्यता कमी असते असं मानलं जातं, असं वाक्य खुद्द मान्यताप्राप्त माहितीपत्रकात होतं. 'मानलं जातं' या दोन शब्दांची किंमत नंतर मोजावी लागली. गोळी चिरडली की बारा तासांचा माल एका क्षणात मोकळा होतो, हे कळायला लोकांना फार दिवस लागले नाहीत. तोवर विक्रीचं यंत्र जोरात होतं. फ्लोरिडा, ॲरिझोना, कॅलिफोर्निया इथल्या रिसॉर्टांवर चाळीसहून अधिक परिषदा झाल्या. पाच हजारांवर डॉक्टर, फार्मासिस्ट आणि नर्स कंपनीच्या खर्चाने तिथे जाऊन आले. मासेमारीच्या टोप्या, मऊ खेळणी, गाण्यांच्या सीडी वाटल्या गेल्या. रुग्णांना पहिली बाटली फुकट मिळावी म्हणून कुपनं होती. १९९६ साली ४ कोटी ८० लाख डॉलर असलेली विक्री २००० साली १ अब्ज १० कोटी डॉलरच्या घरात पोचली.

२००७ मध्ये कंपनीने चुकीची माहिती देऊन औषध विकल्याचा गुन्हा कबूल केला. कंपनी आणि तिचे तीन अधिकारी मिळून सुमारे ६३ कोटी डॉलर दंड भरून मोकळे झाले. तुरुंगात कुणी गेलं नाही. २०२० मध्ये कंपनीने दुसऱ्यांदा गुन्हा कबूल केला. मालक सॅकलर कुटुंबाला दाव्यांपासून कायमचं अभय देऊ पाहणारी तडजोड अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळली.

न्यायालयातल्या या लढाईपेक्षा मधल्या काळात रस्त्यावर जे घडलं, ते जास्त शिकण्यासारखं आहे. २०१० साली ऑक्सिकॉन्टिनची गोळी बदलण्यात आली. आता ती सहज चिरडता येत नव्हती. उपाय चांगलाच होता. पण ज्यांची शरीरं त्या गोळीवर चालू लागली होती, त्यांची गरज गोळीबरोबर बदलली नाही. ते स्वस्त हेरॉइनकडे वळले. २०१३ नंतर त्या हेरॉइनमध्ये, आणि पुढे तर त्याच्या जागी, फेंटानिल आलं. ते हेरॉइनच्या सुमारे पन्नासपट तीव्र असतं आणि त्याचा मिठाच्या काही कणांएवढा फरकही जीव घेऊ शकतो. अमेरिकेत सगळ्या प्रकारच्या अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने मरणाऱ्यांची संख्या २०२१ ते २०२३ अशी तीन वर्षं दर वर्षी एक लाखाच्या वर राहिली. २०२४ मध्ये ती सुमारे ८० हजारांपर्यंत उतरली. अफूवर्गीय व्यसन आणि मृत्यू यांचा तिथल्या अर्थव्यवस्थेवर पडलेला बोजा २०१७ या एका वर्षासाठी एक लाख कोटी डॉलरहून जास्त काढला गेला आहे. या रकमेत दवाखाने, तुरुंग आणि बुडालेली मजुरी हे सगळं धरलेलं असतं. आजी-आजोबांनी वाढवलेल्या पोरांच्या बालपणाचं काय धरायचं, ते अजून कुणाला नीट जमलेलं नाही.

अमेरिकेची ही गोष्ट आपल्याकडे 'त्यांचे चोचले' म्हणून वाचली जाते. पण दार बंद केल्यावर माल खिडकीतून येण्याचा हा खेळ भारतात त्याच्या आधीपासून चालू आहे.

ईशान्येकडच्या राज्यांत स्पास्मो-प्रॉक्सिव्हॉन नावाची निळी कॅप्सूल अशीच पसरली होती. पोटातली कळ थांबवण्यासाठी बनवलेल्या त्या औषधात डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफीन हे अफूवर्गीय द्रव्य होतं. मिझोराम, नागालँड, मणिपूरमध्ये मुलं कॅप्सूल फोडून आतली पूड पाण्यात कालवून शिरेत टोचत. पोटात घ्यायच्या औषधातली भर पाण्यात विरघळत नाही. ती शिरेत जाऊन अडकते. हातापायांवर गळवं उठत, मांस सडे आणि काहींचे अवयव कापावे लागत. मे २०१३ मध्ये केंद्राने डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफीनवर बंदी आणली. त्यानंतर तेच नाव शेपटाला 'प्लस' जोडून दुकानात परतलं. आत ट्रॅमाडॉल होतं.

ट्रॅमाडॉल तेव्हा अमली पदार्थविरोधी कायद्यात नव्हतं. ते त्यात आलं एप्रिल २०१८ मध्ये, आणि तोवर भारतात बनलेल्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेच्या बाजारपेठांत घरोघरी ओळखीच्या झाल्या होत्या. मग टॅपेंटाडॉलची पाळी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने दाखवलं, की मुंबईतली एक कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र केलेल्या गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टकडे पाठवते आहे. एक वेदनाशामक, दुसरं स्नायू सैल करणारं. दोन्ही एकत्र आली की श्वास मंदावतो. त्या बातमीनंतर सरकारने या मिश्रणाच्या निर्यातीवर बंदी घातली आणि अधिकाऱ्यांनी कंपनीतला साठा ताब्यात घेतला. औषधनिर्मितीत भारताचा दबदबा आहे आणि त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण घानातल्या टमाले शहरातला एखादा तरुण 'मेड इन इंडिया' हे शब्द कुठल्या खोक्यावर वाचतो, हेही त्या अभिमानाच्या शेजारी ठेवून बघावं.

खोकल्याच्या औषधाची कथा त्याहून गुंतागुंतीची. कोरेक्स, फेन्सेडिल ही नावं एका पिढीच्या मध्यमवर्गीय घरांत बामाइतकीच ओळखीची होती. अशा सिरपच्या १०० मिलीच्या बाटलीत साधारण २०० मिलीग्रॅम कोडीन असतं. चमचाभर घेतलं तर खोकला थांबतो. अख्खी बाटली एका दमात रिकामी केली तर यकृत त्या कोडीनचा काही भाग मॉर्फिनमध्ये बदलतं, आणि मग खोकल्याशी त्याचा संबंध उरत नाही. बांगलादेशात फेन्सेडिलवर बंदी आहे. त्यामुळे सीमेवर गुरांबरोबरीने या बाटल्यांची तस्करी वर्षानुवर्षं चालली आणि सीमा सुरक्षा दलाच्या जप्तीच्या याद्यांत खोकल्याचं औषध कायमचं येऊन बसलं. मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ मिश्र औषधांवर एका फटक्यात बंदी घातली, त्यांत कोडीनची ही मिश्रणंही होती. कंपन्या न्यायालयात गेल्या, डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयातून तज्ज्ञांकडे गेलं. वाद पुष्कळ झाला. पण बंदीमुळे अडलेला माणूस उद्या काय पिणार, हा प्रश्न त्या वादात कुठे फारसा ऐकू आला नाही.

महाराष्ट्रात या मालाला स्वतःची बोली आहे. छत्रपती संभाजीनगरात झोपेच्या गोळ्यांना 'बटन' म्हणतात. मालेगावात अल्प्राझोलमला 'कुत्ता गोळी' हे नाव पडलं. अल्प्राझोलम हे घबराटीच्या विकारावर मानसोपचारतज्ज्ञ देतात ते सरळमार्गी औषध. दाटीवाटीच्या वस्तीत, कामधंदा नसलेल्या पोरांच्या हातात ते किरकोळीने सुटं विकलं जातं आणि मारामाऱ्यांच्या, चाकूहल्ल्यांच्या बातम्यांत त्याचा उल्लेख येतो. पुण्या-सोलापुराकडे वेगळाच बाजार सापडला. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो सावरायला भूलतज्ज्ञ मेफेंटरमिनचं इंजेक्शन वापरतात. हीच बाटली जिममध्ये 'स्टॅमिना' वाढवायला म्हणून विकली जात असल्याचं पोलिसांच्या आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कारवायांतून उघड झालं. ऑपरेशन थिएटरमध्ये जे औषध हृदयाच्या ठोक्यांवर डोळा ठेवून दिलं जातं, ते दंडाचा घेर वाढावा म्हणून पोरं बाथरूममध्ये टोचून घेतात. यात नशेची हौस किती आणि आरशाची किती, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

कायदा नाही म्हणून हे घडतं, असं मुळीच नाही. औषधविक्रीच्या १९४५च्या नियमांत 'एच' नावाचं परिशिष्ट आहे; त्यातली औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ते पुरेना म्हणून मार्च २०१४ पासून 'एच-वन' आलं. अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल, कोडीन ही मंडळी त्यात आहेत. असं औषध विकताना दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याची संख्या लिहायची आणि वही तीन वर्षं जपायची. त्याहून कडक 'एक्स' परिशिष्ट आहे. त्यासाठी चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानात राहते. कागदावर याहून जास्त काय हवं? पण लाखो दुकानं आणि मूठभर औषध निरीक्षक या प्रमाणात त्या वह्या कोण वाचणार, हे दुकानदाराला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. त्याची बाजूही ऐकायला हवी. डॉक्टरची चिठ्ठी सहा महिन्यांपूर्वीची आहे, डॉक्टर फोन उचलत नाही, समोर सत्तरीचे गृहस्थ उभे आहेत आणि म्हणताहेत, चार रात्री झोप नाही. नाही म्हटलं तर ते दोन दुकानं सोडून तिसऱ्याकडे जाणार. बहुतेक वेळा कात्री चालते ती लोभापेक्षा भिडेपोटी.

आणि ती चिठ्ठी मुळात लिहिली गेली कशी? दहा मिनिटांत वीस रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला झोप का येत नाही हे विचारायला वेळ नसतो. झोप न येण्यामागे सुनेशी भांडण असेल, कर्ज असेल, वारलेला मुलगा असेल. गोळी लिहायला अर्धा मिनिट पुरतो. 'पंधरा दिवसांनी दाखवा' असं तो सांगतो, पंधरा दिवसांनी झोप उत्तम लागत असते, मग कशाला दाखवायचं? बेन्झोडायझेपिन गटातली ही औषधं लिब्रियमच्या रूपाने १९६० मध्ये बाजारात आली, व्हॅलियम १९६३ मध्ये. आधीच्या बार्बिट्युरेटांपेक्षा ती खरोखरच सुरक्षित होती, त्यामुळे ती निर्धास्तपणे दिली गेली. थोड्या दिवसांसाठी ती उत्तम. काही आठवडे सलग घेतली की मेंदू त्यांच्या भरवशावर आपले ब्रेक सैल सोडतो. एके दिवशी मुलगा चिडून डबीच फेकून देतो, आणि दोन-तीन दिवसांत आईला थरथर सुटते, घाम येतो, भास होतात, क्वचित फिट येते. ती प्राणघातकही ठरू शकते. दारू आणि झोपेच्या गोळ्या या दोन गोष्टी एकदम तोडणं शरीराला धोक्याचं असतं. डोस उतरत्या पायऱ्यांनी, डॉक्टरच्या देखरेखीखाली कमी करावा लागतो. 'मनावर घेतलं की सुटतं' हा आपला लाडका सल्ला इथे माणसाला इस्पितळात पोचवतो.

अफूवर्गीय औषधांचा सापळा निराळा. मेंदूच्या तळाशी श्वासाचा ताल सांभाळणारं केंद्र असतं आणि ही औषधं त्यालाच मंदावतात. रोज घेणाऱ्याला सुखाची सवय लवकर होते, म्हणून तो डोस वाढवतो. श्वासकेंद्राला मात्र तितक्या लवकर सवय होत नाही. हवासा वाटणारा डोस आणि जीव घेणारा डोस यांच्यातलं अंतर असं कमी होत जातं. त्यात झोपेची गोळी किंवा दोन पेग पडले की उरलेलं अंतरही संपतं. २००८ साली न्यूयॉर्कमध्ये अभिनेता हीथ लेजर वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. त्याच्या शरीरात दोन वेदनाशामकं, तीन चिंता-निद्रेची औषधं आणि एक सर्दी-झोपेचं औषध सापडलं. प्रत्येक गोळी दुकानातली होती. जीव घेतला तो त्यांच्या एकत्र येण्याने. आणखी एक गोष्ट घरच्यांना कुणी सांगत नाही: सर्वात धोक्याचे दिवस उपचार घेऊन किंवा तुरुंगातून सुटून घरी आल्यानंतरचे. सवय ओसरलेली असते, हाताला मात्र जुनं माप आठवतं.

उपचाराची वाट महाराष्ट्राला नवी नाही. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्याबद्दल वर्तमानपत्रात लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक पाठबळ दिलं आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. डॉ. अनिता अवचट त्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. संस्थेचा कणा त्याच होत्या. तिथला निवासी उपचार पस्तीस दिवसांचा. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे समुपदेशक म्हणून उभी राहिली. पुढे स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आला, आणि गोळ्यांच्या विषयात तो फार मोलाचा आहे. दारू पिऊन रस्त्यात पडलेला नवरा चारचौघांना दिसतो, त्याला कुणीतरी उचलून केंद्रात नेतं. दुपारी दार लावून गोळी घेऊन झोपणारी बायको कुणाला दिसत नाही. स्वयंपाक वेळेवर होतोय तोवर तर नाहीच. 'एम्स'च्या त्या पाहणीतच असं दिसलं, की अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीसांपैकी एखाद्यालाच दाखल होऊन उपचार मिळालेले असतात. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती मदतवाहिनी विनामूल्य आहे. पण ज्या माणसाला आपलं फक्त 'औषध चालू आहे' असं वाटतं, तो तिथे फोन कशाला लावेल?

पुढच्या पानांमधल्या लेखांत डॉक्टर आहेत, दुकानदार आहेत, पोलीस आहेत, आणि गोळ्या सोडलेली माणसंही आहेत. त्यांचं एकमेकांशी पटेलच असं नाही. पोलिसाला वाटतं कायदा आणखी कडक हवा. डॉक्टरला वाटतं उपचार हवेत, धाडी नकोत. या दोघांच्या भांडणात एका तिसऱ्या माणसाची आठवण आधीच करून द्यायला हवी, कारण तो स्वतः बोलायला येण्याच्या अवस्थेत नसतो.

नोव्हेंबर १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला. शिक्षा जबर होत्या, परवाने अनेक होते आणि हिशेबात गोळीभर चूक झाली तरी तुरुंगाची भीती होती. रुग्णालयांनी आणि दुकानांनी सोपा मार्ग काढला: मॉर्फिन ठेवणंच बंद केलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला औषधी मॉर्फिनचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. दुखणं तेवढ्याने घसरलं नव्हतं. केरळमधले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी या एका मुद्द्यासाठी वर्षानुवर्षं सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, अत्यावश्यक वेदनाशामकांसाठी अनेक परवान्यांच्या जागी एकच परवाना आला. कायदा बदलला, मनातली धास्ती त्या वेगाने बदलली नाही. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, त्यातली कितीतरी परदेशी जाते. आणि आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावात, हाडांपर्यंत पोचलेल्या कॅन्सरने रात्र रात्र कण्हणाऱ्या बापासाठी मुलगा मॉर्फिनच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन दुकानोदुकान हिंडतो. चिठ्ठी खरी असते, तारीख ताजी असते, त्यावर डॉक्टरची सही आणि शिक्का असतो. काउंटरवरचा माणूस ती वाचतो, घडी घालतो आणि परत देतो. "हे आम्ही ठेवत नाही," तो म्हणतो, "शहरात बघा."